निळ्या दोऱ्याची बाटली

लेक आठ दिवसांनी जाणार हे पक्कं झालं आणि कंपाउंडरांच्या पायाला भिंगरी लागली. खरी भिंगरी, म्हणजे त्यांची चार वर्षांची नात, शांतपणे जमिनीवर बसून रंगीत खडूंनी घर काढत होती. एकाहत्तर वर्षांचे आजोबा मात्र या खोलीतून त्या खोलीत. खुर्चीत टेकले की उठायचे. उठले की कपाट उघडायचे, कशाला उघडलं ते विसरायचे आणि धाडकन लावून टाकायचे. सकाळपासून त्यांनी वर्तमानपत्राचं एकच पान चार वेळा वाचलं होतं, पण त्यात काय आहे म्हणून विचारलं असतं तर एक अक्षर सांगता आलं नसतं.

"अहो, जरा एका जागी बसा. तुमच्याकडे बघूनच मला दमायला होतंय," बायको म्हणाली.

"बसलोय की."

"उभे आहात तुम्ही."

कंपाउंडरांनी खाली पाहिलं. खरंच उभे होते. मग चिडून बसले आणि मिनिटभरात पुन्हा उठले.

गोष्ट अशी होती की जावयाला बोगद्याच्या कामावर नोकरी लागली होती, लांब डोंगरात. राहायला कंपनीची घरं होती, वीज होती, चोवीस तास पाणी होतं. दवाखाना तेवढा नव्हता. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाडीनं दोन तासांवर, आणि मध्ये दरड कोसळली तर किती तासांवर ते कुणी सांगावं! जावई पुढे जाऊन घर लावत होता. रविवारी लेक आणि नात जाणार होत्या. नोकरी चांगली, पगार चांगला, तक्रारीला जागाच नव्हती. पण भिंगरीला मागच्या वर्षी तापात झटका आला होता, आणि ते दोन तास कंपाउंडरांच्या डोक्यात घण घालत होते.

तो झटका घरातलं कुणी विसरणं शक्य नव्हतं. पोरीचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. लेक जागच्या जागी किंचाळत होती. बायको स्वयंपाकघरातून चमचा घेऊन धावत आली, पोरीच्या दातांत घालायला. कंपाउंडरांनी तो चमचा हिसकावून कोपऱ्यात भिरकावला, पोरीला अलगद कुशीवर वळवलं, गळ्याजवळचं बटण काढलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटं. दोनच, पण काय मिनिटं होती ती! मग पोर रडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, अगदी बरोबर केलंत, आणखी एकदोन वर्षं असं पुन्हा होऊ शकतं, घाबरू नका पण सावध राहा.

"सावध राहायला मी आहे की," कंपाउंडर तेव्हा ऐटीत म्हणाले होते.

आता तिथं ते नसणार होते.

त्यांना कंपाउंडर म्हणतात, कारण छत्तीस वर्षं ते तेच होते. एकाच गल्लीत, एकाच डॉक्टरांकडे, एकाच लाकडी खिडकीच्या मागे. डॉक्टर आतून चिठ्ठी पाठवायचे, त्यावर औषधाचं नाव कधीच नसायचं. नुसते आकडे असायचे. तीन नंबर, सात नंबर, नऊ अर्धा. खिडकीमागे कंपाउंडर खलात गोळ्या कुटायचे, पांढऱ्या कागदाच्या चौकोनी पुड्या बांधायचे, मोठ्या बरणीतलं गुलाबी औषध छोट्या बाटलीत ओतायचे आणि बाटलीवर कागदाची कात्रीनं खाचा पाडलेली पट्टी डकवायचे. एक खाच म्हणजे एक वेळ. "नाव सांगायचं नाही," हा डॉक्टरांचा दंडक होता. "नाव कळलं की माणूस दुसऱ्या वेळी आपल्याकडे येत नाही, स्वतःच डॉक्टर होतो." कंपाउंडरांनी तो दंडक असा अंगात मुरवला की स्वतःच्या घरातसुद्धा औषधाचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. बायकोचं डोकं दुखलं की पुडी. लेकीला खोकला झाला की बाटली. काय आहे म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "गुण येईल."

आणि गुण यायचा, हे कबूल करायला हवं. त्यामुळे घरात औषधांची पेटी अशी कधी नव्हतीच. घरात कंपाउंडर असताना पेटी कशाला? कुणाला कापलं, भाजलं, ठेच लागली की हाक मारायची. मग ते येणार, कपाटाच्या वरच्या फळीवर हात घालणार आणि न बघता नेमकी बाटली काढणार. सहा वर्षांपूर्वी डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, त्या जागी मोबाइलचं दुकान आलं. कंपाउंडरांनी तिथून फक्त दोन डझन काचेच्या बाटल्या घरी आणल्या होत्या, जुन्या, जाड बुडाच्या. बायको दरवर्षी त्या टाकायला काढायची आणि ते दरवर्षी परत आणायचे.

तर आता लेकीसाठी पेटी करायची. सोमवारी सकाळी कंपाउंडर बाहेर पडले आणि हार्डवेअरच्या दुकानातून हत्यारं ठेवायची नारिंगी पेटी घेऊन आले. वर उचलता येणारा ट्रे, खाली मोठा कप्पा.

"नळ दुरुस्तीला निघालात का?" बायकोनं विचारलं.

"तुला काय कळतंय! बाहेर मिळते ती प्रथमोपचाराची पेटी म्हणजे नुसता देखावा. दोन पट्ट्या, एक कात्री, तीसुद्धा बोथट."

मग ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथं एक तरुण बाई बसायची. शिकलेली, पांढरा कोट घालणारी. कंपाउंडरांचा तिच्यावर उगाचच राग होता. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून द्यायच्या, यात कसली आलीय विद्या, असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे. पोरीचा दोष एवढाच की ती अशा काळात जन्मली जेव्हा औषधं आयती बाटलीत येतात. ते तिला आडून "कात्रीवाली" म्हणायचे.

त्यांनी यादी वाचली. जाळीच्या पट्ट्यांचे गठ्ठे, गुंडाळायची पट्टी रुंद आणि अरुंद, लवचीक पट्टी, चिकटपट्टी, हातमोजे, चिमटा, थर्मामीटर, जखम धुवायचं औषध, भाजल्यावरचं मलम, जुलाबासाठी साखरमिठाची पाकिटं, दुखण्यावरच्या गोळ्या. मग लहान मुलांचं तापाचं औषध आणि अंगाला खाज उठली तर द्यायचं औषध. कात्रीवालीनं एकेक वस्तू काढून दिली.

"काका, नातीसाठी ना? औषधं त्यांच्या खोक्यातच ठेवा हं. आतला कागद टाकू नका."

कंपाउंडरांचा पारा चढला. "बाळ, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी औषधं देतोय."

"हो काका," ती म्हणाली आणि गप्प बसली. शहाणी होती.

घरी आल्यावर कंपाउंडरांनी पहिली गोष्ट काय केली असेल? खोकी फाडली, आतले कागद चुरगाळून टाकले आणि औषधं आपल्या जाड बुडाच्या बाटल्यांत ओतली. त्यांच्या मते बाजारातली बाटली म्हणजे अर्धी हवा आणि अर्धी जाहिरात. प्रत्येक बाटलीवर खाचांची पट्टी डकवली. गळ्याला दोरा बांधला. निळा दोरा तापाचा, तांबडा खाजेचा. पोटाच्या पुड्या पिवळ्या कागदात, दुखण्याच्या पांढऱ्या. काम करताना हात असे चालत होते की बघत राहावं. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्या हातांना हक्काचं काम मिळालं होतं. ते शीळ घालत होते, आणि हे बायकोनं स्वयंपाकघरातून ऐकलं तेव्हा तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

लेकीनं संध्याकाळी पेटी पाहिली. "बाबा, यावर नावं नाहीत."

"नावं कशाला? निळा ताप, तांबडा खाज. पिवळी पुडी पोट. दोनचार गोष्टी लक्षात राहत नाहीत तुझ्या?"

"राहतील. तरी पण मी चिठ्ठ्या चिकटवू का?"

"अगं, दिसायला कशी सुबक झालीय! चिठ्ठ्यांनी सगळं लडबडून ठेवशील."

लेकीनं पेटीचं झाकण लावलं. लहानपणापासून बापाच्या हातचं औषध तिनं डोळे मिटून घेतलं होतं. आता जाता जाता कशाला वाद, असा तिनं विचार केला.

पेटी सोमवारीच तयार झाली म्हणावं तर कंपाउंडरांना चैन पडेना. मंगळवारी सगळी उपसली. पट्ट्या वर ठेवल्या, मोजे खाली. दुपारी पुन्हा उपसली. मोजे वर, पट्ट्या खाली. मध्येच वाटलं, टॉर्च राहिला. टॉर्च आणला. मग टॉर्चचे सेल. मग सेल वेगळे ठेवावेत की आत, यावर अर्धा तास. रस्त्यात काय लागेल ते वर हवं, घरी काय लागेल ते खाली हवं, आणि रस्त्यात नक्की काय लागेल हे काही कुणाला सांगता येत नाही. "दोन तास," ते मधूनच पुटपुटायचे. बायको ऐकायची आणि ऐकलं नाही असं दाखवायची.

बुधवारी तापाची बाटली गळू लागली. बूच सैल होतं. कंपाउंडरांनी दुसरी बाटली घेतली, औषध त्यात ओतलं, गळकीचा दोरा सोडून टेबलावर ठेवला. मग वाटलं, खाजेच्या बाटलीचंही बूच बघावं. तेही सैल. तीही बदलली. टेबलावर दोन भरलेल्या बाटल्या, दोन दोरे. दोन्ही औषधं नारिंगी, दोन्हींना संत्र्याचा वास. तेवढ्यात भिंगरी आली, "आजोबा, माझ्या घराला दार काढून द्या." त्यांनी दार काढून दिलं. दाराला कडी हवी होती, तीही काढली. मग येऊन दोरे बांधले आणि बाटल्या जागेवर ठेवल्या. हात कुठेही अडखळला नाही.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. लेक उरलीसुरली खरेदी करायला बाजारात गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास भिंगरी खडू टाकून आजीच्या मांडीवर येऊन पडली. एरवी आडवी न होणारी पोर. आजीनं कपाळाला हात लावला.

"अहो! पोर तापलीय हो!"

कंपाउंडर दोन ढांगांत तिथं. थर्मामीटर लावलं. एकशे दोनच्या वर. चेहरा मात्र खिडकीमागच्या कंपाउंडरचाच राहिला. "घाबरू नकोस. अंगावरचं जाड पांघरूण काढ. घोट घोट पाणी दे. आणलंच औषध."

पेटी उघडली. निळा दोरा. बाटली उचलली, हलवली, बूच काढलं, चमच्यात एक खाचभर ओतलं. पोरीचं डोकं हातावर घेतलं. चमचा ओठांपाशी आला.

आणि थांबला.

गळकी बाटली कुठली होती? तापाची. तिचा दोरा सोडला होता, हे पक्कं. खाजेचा कधी सोडला? टेबलावर डावीकडे कुठली होती, उजवीकडे कुठली? मध्ये दार काढलं. दाराची कडी काढली. परत आले तेव्हा पहिल्यांदा हातात कुठली बाटली घेतली? त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. कडी आठवली. खडू हिरवा होता, तेही आठवलं. बाटली आठवेना.

"द्या ना, काय बघताय?" बायको म्हणाली.

त्यांनी तांबड्या दोऱ्याची बाटली उघडली. वास घेतला. निळीचा घेतला. संत्रं. दोन्हीकडे संत्रं. जिभेवर थेंब टेकवला. गोड. दुसरा. गोड. छत्तीस वर्षांत लाखभर चमचे दिले असतील, पण एकदासुद्धा हात थांबला नव्हता. आता औषध चमच्यातून त्यांच्या मनगटावर ओघळत होतं.

"अहो, पोर भाजतेय!"

"मला ओळखता येत नाहीये," कंपाउंडर म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला ओळखता येत नाहीये गं!" ते ओरडले आणि चमचा खाली ठेवला. "तिला कुशीवर ठेव. काही झालं तर तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, काही नाही. घड्याळ बघ आणि शेजारच्यांना हाक मार. मी आलोच."

पायात चपला उलटसुलट घालून ते निघाले. दुकान पाच मिनिटांवर. ते किती मिनिटांत पोहोचले त्यांचं त्यांनाच माहीत. जाताना बरगडीखाली कळ आली. त्यांनी पळता पळताच खिशातली गोल डबी चाचपली. घशाच्या गोळ्यांची जुनी डबी होती ती. तिच्यात त्यांच्या स्वतःच्या छातीच्या गोळ्या असायच्या, अर्थात नावाशिवाय. आणल्या की पट्टीतून काढून तशाच सुट्या भरायचे. आता थांबायला वेळ नव्हता, कळही लगेच जिरली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. कंपाउंडर त्यांच्यामधून घुसले. "लहान मुलांचं तापाचं. बंद बाटली दे. सील असलेली."

कात्रीवालीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बाटली काढली. "सोमवारी नेलं होतं ना काका? आधी काही दिलंत का तिला?"

"नाही."

"वजन किती आहे?"

कंपाउंडरांनी बाटलीकडे हात केला.

"किलो किती, काका? वजनावर द्यायचं असतं."

साऱ्या गल्लीची पोरं त्यांनी अंदाजानं जोखली होती. डोळ्यानं बघायचं आणि खाच सांगायची. स्वतःच्या नातीचं वजन त्यांना माहीत नव्हतं. कान तापले. "माहीत नाही," ते म्हणाले. छत्तीस वर्षांत कधी न दिलेली अशी कबुली आज तासाभरात दुसऱ्यांदा तोंडातून गेली.

ती हसली नाही. तिनं खोक्यासोबतचं मोजायचं टोपण दाखवलं आणि कोपऱ्यातला काटा उचलून दिला. "हा आमचा वजनकाटा घेऊन जा. घरी उभं करा तिला, आकडा मला फोनवर सांगा. मी किती ते सांगते. नंबर खोक्यावर लिहिलाय."

म्हणजे बघा, एकाहत्तर वर्षांचा माणूस काखेत वजनकाटा आणि मुठीत बाटली घेऊन भर दुपारी रस्त्यानं पळतोय. ओळखीच्या दोघांनी हाक मारली. एरवी ज्यांना थांबून अर्धा तास तब्येतीचे सल्ले दिले असते, त्यांच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

घरी भिंगरी तशीच होती. लाल, मलूल, पण शुद्धीवर. आजीनं तिला कुशीवर धरून ठेवलं होतं आणि घड्याळाकडे टक लावली होती. काट्यावर उभं केलं. साडेचौदा. फोन केला. तिकडून आकडा आला, कंपाउंडरांनी तो मोठ्यानं दोनदा म्हटला, टोपणावरची रेघ नाकाजवळ धरून पाहिली आणि औषध पाजलं. मग पुढचा एक तास ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. आठ दिवसांत पहिल्यांदा ते एका जागी बसले होते, पण आतून नुसता जाळ पेटला होता. झटका आला नाही. साडेतीनला पोरीला घाम आला. चारला तिनं खडू मागितले.

बायकोनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, पोरीला काही सांगू नका. उद्या जायचंय तिला. उगाच जिवाला घोर. ताप आला, औषध दिलं, उतरला. झालं."

कंपाउंडर मान हलवत राहिले. हो म्हणतायत की नाही, ते कळेना. त्यांच्यासमोर ती नारिंगी पेटी होती. सुबक. निळा दोरा, तांबडा दोरा. सांगितलं नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. दोन्ही बाटल्या गुपचूप ओतून नवं औषध भरलं असतं की काम भागलं असतं. छत्तीस वर्षांची अब्रू शाबूत. तेवढ्यात लेकीच्या हातातल्या पिशव्या दाराला घासल्याचा आवाज आला, आणि ते उठले.

"अगं, तिला ताप आला होता. एकशे दोन."

लेकीच्या हातातून पिशवी सुटली. "आणि?"

"आता उतरलाय. पण ते नाही. मी तुझ्या पेटीतलं औषध द्यायला गेलो. मला ओळखता आलं नाही."

"काय ओळखता आलं नाही?"

"कुठली बाटली तापाची ते. माझ्याच बाटल्या, माझेच दोरे. मी पळत जाऊन दुकानातून बंद बाटली आणली."

लेक पेटीकडे बघत राहिली. तिला समजायला क्षणभर लागला, आणि समजलं तेव्हा तिचा आवाज चिरकला. "बाबा, तिथं मी असते. मी थांबले नसते. तुमच्या हातचं म्हणून डोळे मिटून पाजलं असतं. एकदा नाही उतरला ताप तर पुन्हा पाजलं असतं. निळं म्हणजे ताप, म्हणून पाजतच राहिले असते!"

"हो," कंपाउंडर म्हणाले.

"मी म्हटलं होतं चिठ्ठ्या लावते म्हणून."

"हो. म्हटलं होतंस."

ते मोरीपाशी गेले आणि एकेक बाटली उघडून ओतू लागले. नारिंगी, नारिंगी, मग जखमेचं तपकिरी. पुड्या फोडल्या. लेक आधी रागानं बघत होती, मग तिला बघवेना. तिनं शेजारी येऊन उरलेल्या बाटल्यांची बुचं काढून द्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी ती बापाला घेऊन दुकानात गेली. वजनकाटा परत द्यायचाच होता. सगळं नव्यानं घेतलं, खोक्यांसकट, कागदांसकट. घरी येऊन लेकीनं पेटी भरली. वीस मिनिटांत भरली. कंपाउंडरांचे हात मांडीवर वळवळत होते, पण त्यांनी ते दाबून धरले. झाकणाच्या आत तिनं एक मोठा कागद चिकटवला आणि पेन घेतलं. "सांगा बाबा. झटका आला तर काय काय करायचं, ते मागच्या वेळी तुम्ही केलं तसं."

"लिही. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घट्ट धरून ठेवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढा, वाट बघू नका." ते थांबले. "मोठ्या अक्षरात लिही. तू घरात नसशील तर दुसऱ्या कुणाला वाचता आलं पाहिजे." मग म्हणाले, "वजन लिही. तारीखही घाल. पोरगी वाढेल, वजन बदलेल."

मुलांच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, ताप पुन्हा चढला नव्हता, जायला हरकत नव्हती. रविवारी सकाळी त्या गेल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी कंपाउंडर फाटकाशी उभे होते. बायकोनं हाताला धरून आत आणलं.

पुढचे दीड महिने त्यांचा जीव टांगणीला लागलेला. फोन वाजला की हे पुढे. फोन नाही वाजला तर काय झालं असेल म्हणून हे बेचैन. लेक तिकडचं घर, थंडी, शेजारीण, काहीबाही सांगायची आणि ते मध्येच तोडून विचारायचे, "पेटी कुठं ठेवलीस? उंचावर ना? पण हाताला येईल अशी?"

मग एका गुरुवारी लेकीनं सहज सांगितलं, "अहो बाबा, परवा तिला ताप आला होता."

"कधी? किती? मला फोन का नाही केलास?"

"मी इथल्या शाळेत मुलाखतीला गेले होते. ती शेजारच्या वहिनींकडे होती. वहिनींनी माझ्या घरून पेटी आणली, झाकणावरचं वाचलं, वजन बघितलं, खोक्यावरचं बघितलं आणि मोजून दिलं. मी आले तोवर ही उड्या मारत होती. तुम्हाला फोन करायची गरजच पडली नाही, बाबा."

"बरं झालं," कंपाउंडर म्हणाले. "फार बरं झालं." फोन ठेवला. गरज पडली नाही. नेमकं हेच तर हवं होतं त्यांना, यासाठीच तर सगळा आटापिटा. तरी छातीत काहीतरी खुपलं, आणि ती दुखण्याची कळ नव्हती.

"काय म्हणाली?" बायकोनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. बायकोनं देवाचे आभार मानले, कात्रीवालीचे मानले, न पाहिलेल्या शेजारणीचेही मानले. कंपाउंडर खिशातल्या गोल डबीशी चाळा करत होते. मग त्यांनी डबी काढून उघडली. आत सुट्या पांढऱ्या गोळ्या होत्या. थोड्या मोठ्या, थोड्या लहान. मोठी रोज रात्री. लहान फक्त छातीत कळ आली तर, जिभेखाली. हे जगात दोन माणसांना माहीत होतं. एक हृदयाचे डॉक्टर, ते हॉस्पिटलात. आणि दुसरा ज्याच्या छातीत कळ येणार होती तो.

त्या दिवशी पळताना आली होती की.

ते तसेच कात्रीवालीकडे गेले. डबी तिच्यासमोर ठेवली. "हृदयाच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आहे माझ्याकडे. आधी त्यांना दाखवून येतो. मग मला हे सगळं खोक्यासकट पाहिजे. नाव असलेलं."

दोन दिवसांनी घरात दुसरी नारिंगी पेटी आली. या वेळी खोकी होती, कागद होते, झाकणाच्या आत मोठ्या अक्षरातला कागद होता. अक्षर कंपाउंडरांचं होतं आणि चक्क वाचता येत होतं. त्यांनी पेटी कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवली, बायकोच्या हाताला येईल अशी. मग ते खोलीच्या मधोमध जाऊन जमिनीवर आडवे झाले.

"अहो! काय झालं?"

"काही नाही. समज, मी पडलोय. छातीत कळ आलीय. बोलता येत नाहीये. तू काय करशील?"

"आधी उठा बघू तिथून! फरशी गार आहे."

"मी बोलतच नाहीये. मला कसा उठवशील?"

चाळीस वर्षं जिनं औषधाच्या फळीला हात लावला नव्हता, ती कपाटाकडे वळली. मग चष्मा शोधला. पेटी खाली काढली. कडी उघडायला दोनदा झटापट केली. झाकणावरचा कागद वाचताना तिचे ओठ हलत होते. पहिली ओळ हॉस्पिटलच्या गाडीच्या नंबराची होती. तिनं फोन हातात घेतला आणि नुसताच नंबर मोठ्यानं वाचला. मग खोकी बाजूला सारत, एकेक नाव पुटपुटत तिनं नेमकं खोकं काढलं, चष्म्याजवळ नेलं आणि पुन्हा एकदा वाचून खात्री केली. पट्टी हातात घेऊन ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"ही. लहानवाली. जिभेखाली."

"बरोबर," जमिनीवरून कंपाउंडर म्हणाले.

पण ती उठली नाही. पट्टी मुठीत धरून तशीच बसली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "असली सोंगं पुन्हा करायची नाहीत," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

"एकदाच आणखी," कंपाउंडर म्हणाले. "पुढच्या गुरुवारी. तुला न सांगता करणार."

तिनं त्यांच्या दंडावर चापट मारली, डोळे पुसले, आणि पट्टी आपल्या हातानं खोक्यात, खोकं पेटीत, पेटी फळीवर ठेवली.